कधी स्टार्ट होते, कधी होत नाही: पार्ट बदलण्याआधी हे बघा

मी नाशिकजवळ अंबडला गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतो. "काल काही केल्या स्टार्ट होत नव्हती, आज एका सेल्फला झाली," असं सांगत कुणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: तेव्हा सेल्फ फिरत होता का? या उत्तरावर पुढची सगळी दिशा ठरते. म्हणून गाडी अडली की नुसती चावी मारत बसू नका. आवाज ऐका, मीटरवरचे दिवे बघा, मोबाईलवर व्हिडिओ काढा. गॅरेजला येईपर्यंत गाडी सुरळीत झालेली असते, मग तो व्हिडिओच आमच्या कामाला येतो.

सेल्फ फिरत नाही, 'टक्' होऊन दिवे मंदावतात? मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास हवी, 12.2 म्हणजे जवळपास निम्मी उतरली. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जात असेल तर लोड टेस्ट (बॅटरीवर भार टाकून केलेली तपासणी) करून घ्या. नाशिकची थंडी पडली की कमजोर बॅटरी सकाळी हमखास दगा देते.

बॅटरी चांगली निघाली म्हणून लगेच सेल्फ मोटर उतरवू नका. आधी अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून इंजिन-बॉडीपर्यंतची जोडणी बघा. हे फार कमी जण बघतात आणि गिऱ्हाइकाचे पैसे इथेच वाया जातात. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या मायनस खांबावरच धरा, क्लॅम्पवर नको. लाल प्रोब इंजिनच्या उघड्या धातूवर. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष त्याच वाटेवर आहे. गिअरबॉक्सजवळचा बोल्ट वरून घट्ट लागतो, पण लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) उचलला की खाली तांबूस गंज. बॅटरीचं मायनस काढून पॉलिश पेपरने चकचकीत घासा, कसून बसवा, पुन्हा मोजा. इगतपुरीच्या पावसात रोज ये-जा करणाऱ्या गाडीत तर हे नक्की बघा.

दिवे लख्ख आणि 'टक्'ही नाही, तर क्लच स्विच (क्लच दाबल्याशिवाय सेल्फ फिरू न देणारा) बघा, ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकचा स्विच. ऑटोमॅटिक पार्कमध्ये होत नाही पण न्यूट्रलला होते, तर संशय गिअरच्या स्विचवर. बटणाच्या गाडीत चावीचा सेल बदलून बघा.

सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन लागत नाही, तेव्हा इमोबिलायझरचा (चावी ओळखल्याशिवाय इंजिन लागू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकतोय का बघा, दुसरी चावी लावा. पेट्रोल गाडीत इग्निशन ऑन केल्यावर मागून पंपाची दोन-तीन सेकंद घूं ऐकू यायला हवी.

कसारा घाट चढून आलेली गाडी चहाला थांबली, परत लागेना, अर्ध्या तासाने आपोआप लागली: अशा एका गाडीला दुसरीकडे नवा पंप सांगितला होता. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावून गरम इंजिनावर सेल्फ मारला, तर आरपीएम शून्य. क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर, तापला की त्याचा सिग्नल तुटत होता. असं दिसलं तर सेन्सरसोबत त्याची वायर आणि कपलरही तपासा.

स्कॅनर स्वतःचा असेल तर गॅरेजला येण्याआधी कोड (गाडीने नोंदवलेले दोषाचे क्रमांक) मात्र पुसू नका. कोड पडला तेव्हाचं इंजिनाचं तापमान आणि आरपीएम फ्रीझ फ्रेम नावाच्या नोंदीत असतं, कोड पुसला की तेही त्यासोबत जातं.