जुन्या पद्मिनीला पत्रा टाकायचा की फायबर? पार्ट घ्यायच्या आधी हे बघून घ्या

जुनी प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्या आधीची फियाट डिलाइट रिस्टोरेशनला काढली की मडगार्ड, बोनेट, दारांची खालची बाजू, डिकी सगळं गंजलेलं निघतं आणि मग प्रश्न येतो की नवीन पार्ट पत्र्याचे घ्यायचे की फायबरचे, म्हणजे फायबरग्लासचे. बरेच जण हे अख्ख्या गाडीसाठी एकदाच ठरवून टाकतात, कोणी म्हणतं सगळं फायबर करू कटकट नको, कोणी म्हणतं फायबरला हात लावायचा नाही. माझं स्पष्ट मत आहे की हे एकेका पार्टाचं वेगवेगळं ठरवायचं असतं आणि ठरवायचं ते एकाच गोष्टीवर, तो पार्ट गाडीचं वजन पेलतो का नुसता वरून झाकतो.

पद्मिनीला वेगळी चॅसी नसते हे आधी डोक्यात ठेवा. मोनोकॉक बॉडी आहे, म्हणजे फ्लोअर, दाराखालचे सिल, पिलर, चाकाच्या आतला एप्रन, छप्पर हे सगळं एकमेकांना वेल्ड होऊन जो डबा तयार होतो तोच गाडीचा सांगाडा. यातला एकही तुकडा फायबरचा चालत नाही. फ्लोअरला भोक पडलं म्हणून वरून मॅट (काचेच्या धाग्यांची चादर) टाकून, रेझिन ओतून, रंग मारून दिलेल्या गाड्या विकायला येतात, वरून छान दिसतात, पण जॅक लावला की सिल आत जातं आणि दार लागेनासं होतं, आणि धडक बसली तर काय होईल ते सांगायलाच नको. गाडी विकत घेतानाच एक चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून सिलवर, चाकाच्या कमानीवर, दाराच्या खालच्या चार बोटांवर फिरवा. चिकटत नसेल तर खाली पुट्टी किंवा फायबर आहे, पत्रा गेलेला आहे, आणि भाव त्या हिशोबाने करा.

जीपवाल्यांचं वेगळं. महिंद्राची सीजे-३बी घेतली तर खाली शिडीसारखी चॅसी आहे, बॉडी तिच्यावर बोल्टने बसते, त्यामुळे तिथे अख्खा टब, म्हणजे बॉडीचा मुख्य डबासुद्धा फायबरचा करता येतो, फक्त सीट, सीट बेल्ट आणि रोल बार यांची पकड फायबरमध्ये न घेता खाली चॅसीपर्यंत न्यायची. पण जीपसाठी पत्र्याचे टब हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी बनून मिळतात, त्यामुळे जीपवाल्यांना तशी फायबरची गरज कमी पडते. खरी पंचाईत पद्मिनीवाल्यांचीच आहे.

कारण असं की कुर्ल्याच्या कारखान्यातलं उत्पादन २००० च्या सुमारास संपलं, आणि नंतर बरीच वर्षं पार्टांचा मोठा आधार होता तो भंगारात जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांचा. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मधली, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता त्या रस्त्यावरून गेल्या. आता भंगारात नवीन माल येणार तो फक्त खाजगी गाड्यांचा, म्हणजे थोडाच. म्हणून माझा सल्ला, गाडीचं काम दोन वर्षांनी काढणार असाल तरी कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत चांगलं ओरिजिनल दार किंवा बोनेट दिसलं तर आत्ताच उचलून ठेवा, थोडा डेंट असला तरी चालेल. कारखान्याच्या डायवर दाबलेल्या पत्र्याला जी घडी आणि जो गोलावा असतो तो नंतर हाताने आणायला चांगल्या डेंटरलासुद्धा घाम फुटतो. घेताना फक्त आपल्या गाडीचं वर्ष बघा, डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी दिसायला एकाच घरातल्या असल्या तरी समोरचा चेहरा बदलत गेलाय, ग्रिलच्या आजूबाजूचा पार्ट जुना काढलेला सोबत नेऊन शेजारी ठेवूनच घ्यावा.

ओरिजिनल मिळालंच नाही तर दोन रस्ते उरतात, हाताने बनवलेला पत्रा किंवा फायबर.

हाताने बनवून घ्यायचं असेल तर शीट कुठली वापरणार ते आधी विचारा. बाहेरच्या पॅनेलला २० गेजची सीआर (कोल्ड रोल्ड) शीट, म्हणजे साधारण ०.९ एमएम, हे योग्य. काही जण स्वस्तात पडतं म्हणून पातळ शीट घेतात, ती अंगठ्याने दाबली तरी टणकन आत-बाहेर होते आणि रंगाखाली कायम लाटा दिसतात. फ्लोअर आणि सिलला १८ गेज घ्या. गॅल्व्हनाइज्ड शीट गंजत नाही म्हणून काही जण आग्रह धरतात पण तिच्यावर वेल्डिंग करताना झिंकचा धूर निघतो, तो छातीत जाणं वाईट, आणि वेल्डच्या जागचं कोटिंग जळून जातं ते जातंच, म्हणून सीआर शीट घेऊन आतून एपॉक्सी प्रायमर नीट मारणं मला जास्त पटतं. जोड मिग वेल्डिंगने टाके टाके करत घालायला सांगा, एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मध्ये थंड होऊ द्यायचं. एका दमात सलग वेल्ड ओढला की पत्रा तापून फुगतो आणि मग तो फुगवटा लपवायला किलोभर पुट्टी. जो मिस्त्री म्हणतो "साहेब टेन्शन नका घेऊ, पुट्टीत सगळं बसतं", त्याच्याकडे नुसता रंग द्यावा, पत्र्याचं काम देऊ नये.

आता फायबर. फायबर म्हणजे हलका माल असं जे नाव आहे ना, त्याचा हिशोब एकदा करून बघा. ०.९ एमएमचा पत्रा एक चौरस मीटर म्हणजे सुमारे ७ किलो. फायबर तेवढं पातळ चालत नाही, निदान ३ एमएम लागतं, ते भरतं साडेचार किलोच्या आसपास, आणि कारागिराने हात सैल सोडून ४ एमएम केलं तर ६ किलो. दोन मडगार्ड आणि एक बोनेट बदलून नऊशे किलोच्या गाडीत किती वाचले, थोडेसेच. म्हणजे पद्मिनीत वजनासाठी फायबर घ्यायचं कारणच नाही. घ्यायचं ते दोन कारणांनी, एक म्हणजे पार्ट दुसरीकडे मिळतच नाही, आणि दुसरं म्हणजे गाडी अलिबाग, रत्नागिरी, मालवण, गोवा अशा खाऱ्या हवेत उघड्यावर उभी राहणार आहे. तिथे फायबरचं मडगार्ड खरंच सुख देतं. आणि फायबरची बॉडी म्हणजे कमअस्सल असंही समजू नका, अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेट १९५३ पासून फायबरमध्ये आली आणि आपल्याकडे बंगळुरूच्या सिपानीची डॉल्फिन फायबरचीच होती. फरक एवढाच की त्या गाड्या पहिल्यापासून तशा डिझाइन केलेल्या होत्या, पद्मिनी नाही.

फायबरचा पार्ट घेताना पुढची चकचकीत बाजू बघून काहीच कळत नाही, उलटा करून मागची बाजू बघा. मॅटचे धागे रेझिनमध्ये पूर्ण भिजून पारदर्शक दिसले पाहिजेत, पांढरे कोरडे पट्टे दिसले तर तिथे रेझिन पोचलेलंच नाही आणि तिथूनच तडा जाणार. मग पार्ट उन्हात धरा किंवा मागून टॉर्च मारा, बुडबुडे असतील तर फिकट ठिपके दिसतात. नाण्याने टकटक करत अख्ख्या पार्टावरून जा, सगळीकडे एकसारखा कडक आवाज आला पाहिजे, मध्येच भद्द आवाज आला तर थर सुटलेत. कडा बघा, जाडी सगळीकडे सारखी आहे का. ४५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) मॅटचा एक थर साधारण एक एमएम देतो, म्हणून मडगार्डला तीन थर, आणि बोल्टच्या जागी, बिजागरीच्या जागी अजून दोन. बोनेट एकेरी कधीच घेऊ नका, आतून फासळ्या किंवा दुसरी स्किन हवीच, नाहीतर हायवेला वेग घेतला की थरथरायला लागतं. बिजागरी आणि लॉक जिथे बसतं तिथे आत लोखंडी पट्टी घालून बुजवलेली असली पाहिजे, नुसत्या फायबरला भोक पाडून स्क्रू मारला तर भोक मोठं होत जातं आणि चालत्या गाडीत बोनेट उघडलं तर जिवावर बेतेल.

स्वतःच बनवून घ्यायचा असेल तर कोकण किनाऱ्याला फायबरच्या होड्या बनवणारे कारागीर असतात, त्यांचा हात या कामात बसलेला असतो, मोल्ड काढायला तुमचा चांगल्या बाजूचा ओरिजिनल पार्ट मात्र द्यावा लागेल. इथे एक गोम आहे, डावं मडगार्ड देऊन उजवं निघत नाही, ज्या बाजूचा पार्ट त्याच बाजूचा मोल्ड. आणि पॉलिस्टर रेझिन सुकताना आकसतं, त्यामुळे मोल्डमधून लवकर काढलेला पार्ट पिळतो. घाई करू देऊ नका. कोणी घरी रेझिन मिसळणार असेल तर नीट लक्षात ठेवा, कोबाल्ट (रेझिन लवकर सुकवणारं द्रव्य) आधी रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचं आणि मग शेवटी हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडतो, स्फोटसुद्धा होतो. हार्डनर डोळ्यात गेलं तर नजर जाऊ शकते, म्हणून गॉगल हवाच, आणि घासताना साधा रुमाल नको, धुळीचा नीट मास्क लावा.

पार्ट घरी आला की लगेच रंगाला द्यायचा नाही. पत्रा असो की फायबर, आधी कोरडा बसवून बघायचा, गाडी जॅकवर न ठेवता चारही चाकांवर सपाट जमिनीवर उभी करून, कारण मोनोकॉक गाडी जॅकवर थोडी वाकते आणि तिथे जुळवलेल्या फटी खाली उतरवल्यावर बिघडतात. सुरुवात मागून करा, मागचं दार क्वार्टर पॅनेलला (मागच्या चाकावरचा पत्रा) जुळवा कारण ते पॅनेल हलत नाही, मग पुढचं दार मागच्याला, मग मडगार्ड दाराला, आणि बोनेट सगळ्यात शेवटी. फट सगळीकडे चार-पाच एमएमची एकसारखी यायला हवी. फायबरला फट किंचित जास्त सोडा, ते उन्हात लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त प्रसरण पावतं, नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात गडद रंगाचं बोनेट कडेला घासायला लागतं. बोल्टखाली मोठे वॉशर आणि रबर, आणि पाना जपून आवळा. सिल बदलायचं असेल तर कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडव्या पाइपचे टेकू वेल्ड करून घ्या, नाहीतर कापल्याबरोबर चौकट बसते आणि पुन्हा दार कधीच नीट लागत नाही.

एक गोष्ट हमखास राहून जाते ती म्हणजे अर्थिंग. हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न यांचा अर्थ बॉडीच्या पत्र्यातून जातो, मडगार्ड फायबरचं झालं की तो रस्ताच बंद. लाइट मंद लागतात किंवा इंडिकेटर मारला की भलताच दिवा मिणमिणतो, मग लोक डायनमो आणि बॅटरी बदलत बसतात. प्रत्येक दिव्यापासून एक वेगळी काळी वायर ओढून मूळ बॉडीला स्वच्छ घासलेल्या जागी बोल्ट करा, संपला विषय.

रंगाच्या वेळी फायबरवर मोल्डचं मेण असतं, ते वॅक्स रिमूव्हरने पुसल्याशिवाय पॉलिश पेपर मारलात तर मेण आत रगडलं जातं आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. पार्ट काही आठवडे उन्हात ठेवून पूर्ण पक्का होऊ द्या आणि मगच प्रायमर, नाहीतर काही महिन्यांनी मॅटची जाळी रंगातून वर दिसायला लागते. बूथमध्ये बेक करणार असतील तर तापमान कमी ठेवायला सांगा.

आणि शेवटी कागदपत्रांचं, खरं तर हे आधीच बघायला हवं. ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल केलेला नको. म्हणजे जुनी डिलाइट, प्रेसिडेंट किंवा अगदी सुरुवातीची पद्मिनी असेल आणि व्हीए नंबर घ्यायचा विचार असेल तर फायबरच्या वाटेला जाऊच नका, वेळ लागू दे पण पत्राच शोधा. ऐंशी-नव्वदच्या दशकातली रोज वापरायची गाडी असेल तर समोरची बोल्टवाली मडगार्डं फायबरची करायला माझी हरकत नाही, पण ती खरंच बोल्टची आहेत का वेल्ड केलेली हे आधी बोनेट उघडून त्याच्या कडेच्या गटरला (पाणी जायची पन्हळ) आणि चाकाच्या आतून हात घालून बघा. आणि काढलेलं जुनं ओरिजिनल मडगार्ड कितीही सडलेलं असू दे, भंगारवाल्याला देऊ नका, पुढे कधी पत्र्याचं बनवून घ्यायचं ठरलं तर मिस्त्री माप त्याच्यावरूनच घेणार आहे.