लाटेकमध्ये ग्रंथ जुळवायला बसण्यापूर्वी

लाटेक ही मजकुरात आज्ञा लिहून छापील पानं जुळवणारी संगणकप्रणाली. तिच्यात ग्रंथ जुळवायचा असेल, तर हस्तलिखित हाती आलं की लगेच टंकायला बसू नका. आधी पेन्सिल घेऊन ते चाळा आणि त्यात कोणकोणत्या जातीचा मजकूर आहे ते टिपून काढा: लांब उद्धरणं, श्लोक, ग्रंथनामं, पारिभाषिक संज्ञा. प्रत्येक जातीला ‘न्यूकमांड’ने (नवी आज्ञा घडवणारी आज्ञा) स्वतःची आज्ञा द्या. आज ग्रंथनाम आणि संज्ञा दोन्ही तिरप्या ठशातच येणार असल्या तरी आज्ञा दोन हव्यात. सगळीकडे सरसकट ‘टेक्स्टआयटी’ ही तिरप्या ठशाची आज्ञा वापरलीत, तर उद्या संपादकाला फक्त संज्ञा ठळक हव्या झाल्यावर चारशे पानं हाताने उपसावी लागतील.

मजकूर देवनागरी असेल तर झीलाटेक किंवा लुआलाटेक ही लाटेकची युनिकोड जाणणारी रूपं घ्या. फॉन्ट ‘फॉन्टस्पेक’ या फॉन्ट निवडण्याच्या पॅकेजमधून बोलवा आणि ‘स्क्रिप्ट’ या पर्यायात देवनागरी लिहायला विसरू नका, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. लुआलाटेकमध्ये ‘रेंडरर’ या पर्यायातही हार्फबझ (अक्षरं जुळवणारं यंत्र) ठेवावं लागतं.

दस्तऐवजाचा वर्ग ‘बुक’. प्रस्तावनेआधी ‘फ्रंटमॅटर’, पहिल्या प्रकरणाआधी ‘मेनमॅटर’, संदर्भसूचीआधी ‘बॅकमॅटर’. प्रकरणागणिक फाइल वेगळी करून ती ‘इन्क्लूड’ने जोडा. मग ‘इन्क्लूडओन्ली’ने एकच प्रकरण चालवलं तरी आधीच्या फेरीतले (फाइल लाटेकमधून चालवण्याची एक खेप) पृष्ठांक आणि उल्लेख टिकतात.

वर्डमधून आणलेला मजकूर चिकटवण्यापूर्वी त्यातली टक्क्याची चिन्हं शोधा. ‘उत्पादनात १२% वाढ झाली’ या वाक्यातलं ‘वाढ झाली’ छापून येतच नाही, कारण % पासून ओळीच्या शेवटापर्यंतचं सगळं शेरा समजून सोडलं जातं. & किंवा _ सुटलं तर निदान त्रुटी तरी दिसते; हे मात्र मुकाट्याने गिळतं. म्हणून % च्या आधी उलटी तिरपी रेघ हवीच.

आकृतीत ‘लेबल’ (उल्लेखासाठी दिलेलं नाव) नेहमी ‘कॅप्शन’नंतर (आकृतीचा मथळा). आधी लिहिलंत तर उल्लेखात आकृतीऐवजी विभागाचा क्रमांक येतो. प्रकरणाच्या शीर्षकावर तळटीप असेल तर चौकटी कंसात टीपेविना शीर्षक पुन्हा द्या, नाहीतर टीप अनुक्रमणिकेत जाऊन बसते.

‘बिबलाटेक’ या पॅकेजची संदर्भसूची असेल तर फेऱ्यांचा क्रम असा: लाटेक, बायबर (संदर्भ लावून देणारा प्रोग्राम), पुन्हा दोनदा लाटेक. उल्लेखाच्या जागी दोन प्रश्नचिन्हं उरली, तर एखादी फेरी राहिली आहे किंवा लेबलाचं नाव चुकलं आहे. देवनागरी शब्दसूचीचा वर्णक्रम मेकइंडेक्स या नेहमीच्या सूची लावणाऱ्या प्रोग्रामला जमत नाही, त्याऐवजी अपमेंडेक्स घ्या.

पान तोडण्याच्या आज्ञा शेवटचं मुद्रितशोधन संपेपर्यंत घालू नका. एक ओळ वाढली की त्या भलत्याच जागी पान तोडतात.