अंपायरचा निर्णय पटला नाही? कोच म्हणून या चुका टाळा

अमेरिकेत मुलं लिटल लीग (मुलांचं बेसबॉल) खेळायला लागली की वर्ष-दोन वर्षांत कोणा ना कोणा आईबाबांच्या गळ्यात कोचपद पडतंच. लहानपणापासून क्रिकेट पाहिलेल्या आपल्या माणसांना खेळ समजायला फार वेळ लागत नाही. अडतं ते अंपायरशी बोलताना. निर्णय चुकला असं वाटलं तर जायचं की नाही, कोणाकडे जायचं, कधी जायचं आणि काय बोलायचं, हे कोणी बसवून शिकवत नाही. मग टीव्हीवर पाहिलेलं आठवतं. मेजर लीग या व्यावसायिक बेसबॉलमधल्या अटलांटा ब्रेव्ह्जचे बॉबी कॉक्स फार मोठे मॅनेजर (म्हणजे मुख्य कोच), पण कारकिर्दीत दीडशेहून जास्त वेळा अंपायरांनी त्यांना मैदानाबाहेर काढलं. दहा-बारा वर्षांच्या मुलांसमोर त्याची नक्कल करण्याचं काहीही कारण नाही.

सगळ्यात मोठी चूक: डोळ्यांचा निर्णय आणि नियमाचा निर्णय यांत गल्लत

बाकीच्या बहुतेक चुका हिच्यातूनच निघतात. मेजर लीगच्या नियमावलीतला नियम ८.०२ आणि लिटल लीगच्या पुस्तकातला ९.०२ यांचं म्हणणं एकच आहे. मारलेला बॉल फेअर (रेषांच्या आत) की फाउल (बाहेर), पिच म्हणजे पिचरने टाकलेला चेंडू स्ट्राइक (बॅटरच्या टप्प्यात) की ‘बॉल’ (टप्प्याबाहेर), रनर सेफ की आउट, हे अंपायरने डोळ्यांनी पाहून ठरवायचं आणि ते अंतिम. त्यावर हरकत घेता येत नाही. मात्र नियम लावण्यातच चूक झाली अशी रास्त शंका असेल, तर मॅनेजरला दाद मागता येते.

इनफिल्ड फ्लायचं उदाहरण घ्या. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर आहेत किंवा तिन्ही बेस भरलेले आहेत, दोनपेक्षा कमी आउट आहेत आणि इनफिल्डरला (बेसजवळच्या फिल्डरला) सहज झेलता येईल असा फेअर बॉल उंच उडाला, तर बॅटर तिथेच आउट. आता ‘सहज झेलता आला असता का’ हे अंपायरच्या नजरेवर. त्यावर वाद घालून काही हाती लागणार नाही. पण आधीच दोन आउट झालेले असताना अंपायरने इनफिल्ड फ्लाय दिला, किंवा फक्त पहिल्याच बेसवर रनर असताना दिला, तर ती नियमाची चूक आहे. तिथे जायलाच हवं. प्रश्नही सोपा आहे: “तुमच्या हिशोबाने आउट किती झालेत?”

दुसरं उदाहरण थ्रो बाहेर गेल्याचं. पहिल्या बेसवर रनर. शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या इनफिल्डरने) बॉल उचलून लगेच पहिल्या बेसकडे फेकला आणि तो थेट डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बसायच्या जागेत) गेला. थ्रो सुटला तेव्हा रनर दुसऱ्या बेसवर पोचला होता, पण बॅटर अजून पहिल्याच्या वाटेवर होता. मैदानाबाहेर गेलेल्या थ्रोबद्दल मिळणारे दोन बेस अंपायरने दुसऱ्यापासून मोजून रनरला होमला पाठवलं. हे चूक. इनफिल्डरचा तो पहिलाच प्ले असल्यामुळे बेस पिचच्या क्षणापासून मोजायचे, म्हणजे रनर तिसऱ्यावर आणि बॅटर दुसऱ्यावर. जाऊन एवढंच विचारा: “बेस पिचपासून मोजलेत की थ्रोपासून?” पुष्कळदा अंपायर क्षणभर थांबतो, मनात प्ले पुन्हा पाहतो आणि स्वतःच निर्णय बदलतो.

असा प्रश्न विचारायचा तर नियम आपल्याला पक्का माहीत हवा. बेंचवर ऐकलेल्या गोष्टींच्या भरवशावर जाऊ नका. ‘हात हा बॅटचाच भाग’ असा नियम नाही. पिच हाताला लागली की बॉल डेड होतो (खेळ थांबतो), आणि बॅटरने स्विंग केला असेल तर स्ट्राइक मिळते. ‘टाय झाली (रनर आणि बॉल एकाच वेळी पोचले) तर रनर सेफ’ हे वाक्यही पुस्तकात कुठे नाही.

नियमाच्या प्रश्नात केवढी ताकद असते ते २४ जुलै १९८३ ला यांकी स्टेडियमवर दिसलं. नवव्या इनिंगमध्ये दोन आउट असताना कॅन्सस सिटी रॉयल्सच्या जॉर्ज ब्रेटने होमरन मारून संघाला ५-४ अशी आघाडी दिली. यांकीजचे मॅनेजर बिली मार्टिन अंपायरकडे गेले आणि ब्रेटच्या बॅटवर चिकट पाइन टार (पकडीसाठी लावायचं डांबर) १८ इंचांच्या मर्यादेपलीकडे लावलंय, एवढं त्यांनी दाखवून दिलं. अंपायरांनी होम प्लेटच्या रुंदीवर बॅट मोजली आणि ब्रेटला आउट दिलं. सामना संपला. ब्रेट डगआउटमधून अंपायरवर धावून गेला, त्याला धरून आवरावं लागलं. त्या आरडाओरड्याने काहीही बदललं नाही. बदललं ते रॉयल्सच्या रीतसर निषेध अर्जाने. अमेरिकन लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी तो मान्य केला: अशी बॅट बाद करावी, पण होमरन काढून घेऊ नये. १८ ऑगस्टला सामना तिथूनच पुढे सुरू झाला आणि रॉयल्स ५-४ ने जिंकले. ब्रेटला मात्र त्या थयथयाटाबद्दल सामन्यातून बाहेर काढल्याची नोंद झाली. त्याचा संघ बरोबर होता, तरीही.

बॉल-स्ट्राइकवर बाहेर येणं

येऊ नका. मेजर लीगच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की यावरून वाद घालायला बेंच किंवा कोचिंग बॉक्स सोडला तर आधी ताकीद मिळते, मग हकालपट्टी. २०२६ पासून मेजर लीगमध्ये पिचला यंत्राच्या मदतीने आव्हान देता येतं, पण तेही फक्त पिचर, कॅचर किंवा बॅटरने. मॅनेजरला नाही. मुलांच्या सामन्यात बॉल-स्ट्राइकबद्दल एकच विनंती चालते. हाफ स्विंगवर (बॅट अर्धवट फिरवून थांबवली तर) प्लेटच्या अंपायरने ‘बॉल’ दिला, तर जोडीदाराला विचारा असं मॅनेजर किंवा कॅचर म्हणू शकतो. ‘स्ट्राइक’ दिली असेल तर तेही नाही.

भलत्या अंपायरकडे, भलत्या वेळी जाणं

दाद ज्याने निर्णय दिला त्याच्याकडेच मागायची. बेस अंपायरचा निर्णय पटला नाही म्हणून प्लेट अंपायरकडे तक्रार घेऊन गेलात, तर त्याला स्वतःहून मध्ये पडता येत नाही. निर्णय देणाऱ्याने विचारलं तरच तो बोलू शकतो. बॉल जिवंत असताना धावत सुटू नका. खेळ थांबू द्या, टाइम मागा, मिळाला की चालत जा.

मदत कुठे मागायची हे कळलं तर निम्मं काम होतं. दोनच अंपायर असतात तेव्हा बेसवर रनर असताना बेस अंपायर पुष्कळदा पहिल्या बेसपासून लांब उभा असतो. पहिल्या बेसमनचा पाय बेसवरून उचलला गेला, तर कधीकधी ते त्याला दिसतच नाही, पण होम प्लेटकडून नीट दिसतं. हातातून निसटलेला बॉल आणि हुकलेला टॅग (बॉल घेऊन रनरला शिवणं) यांचंही तेच. अशा वेळी म्हणा, “पाय उचलला गेला असं मला वाटलं. जोडीदाराला एकदा विचाराल का?” ही विनंती वाजवी आहे आणि चांगले अंपायर ती बहुधा मान्य करतात. पण रनर आधी की बॉल आधी, यावर मदत मागू नका. तो शेजारी उभ्या माणसाच्या डोळ्यांचा निर्णय आहे.

पहिलंच वाक्य आरोपाचं

“काय देताय हे?” असं म्हणत गेलात की समोरचा माणूस बचावाला उभा राहतो आणि प्ले बाजूलाच राहतो. त्याऐवजी “तुम्हाला काय दिसलं?” असं विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत गप्प राहा. उत्तरात प्ले येतो आणि नियमही येतो. दाद मागायला जागा आहे की नाही, हे तिथेच कळतं. एक प्रश्न, फार तर दुसरा, मग “थँक यू” म्हणून परत. सामन्याआधी प्लेटपाशी लाइनअप कार्ड (खेळाडूंची यादी) देताना अंपायरांची नावं विचारून ठेवलीत तर हे बोलणं आणखी सोपं जातं.

हात आवरा. स्टँडमधल्या पालकांना तुमचं बोलणं ऐकू येत नाही, हातवारे मात्र सगळ्यांना दिसतात. तुमचा हात वर गेला की तिकडे ओरडा सुरू होतो. पिच कुठून गेली हे दाखवायला मातीत रेघ ओढणं तर कटाक्षाने टाळा.

आणि अंपायर “माझी चूक झाली” म्हणाला, तर विषय तिथेच थांबवा. २ जून २०१० ला डेट्रॉइटमध्ये पिचर अर्मांडो गॅलरागाचा परफेक्ट गेम (एकही बॅटर बेसवर न पोचलेला सामना) अंपायर जिम जॉइस यांच्या चुकीच्या ‘सेफ’मुळे शेवटच्या आउटवर हुकला. जॉइसनी चूक कबूल केली. दुसऱ्या दिवशी लाइनअप कार्ड त्यांच्या हातात द्यायला गॅलरागा स्वतः गेला. तेव्हा असा निर्णय व्हिडिओवर तपासण्याची सोय नव्हती. ती २०१४ मध्ये आली.

संघाला ओरडू देणं

क्रिकेटमध्ये अपील केल्याशिवाय आउट मिळत नाही, म्हणून अकरा जण ओरडतात. इथे सेफ-आउट न मागताच मिळतं. अपील लागतं ते रनरने बेस चुकवला किंवा झेल पकडायच्या आत बेस सोडला तर, आणि तेही बॉल घेऊन बेस किंवा रनरला टॅग करून, पुढची पिच टाकायच्या आत. मुलांना हे शिकवा. डगआउटमधून टोमणे मारायला नको.

लहान वयोगटाच्या सामन्यांत बेसवर कधीकधी चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी उभी असते, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्या पोरावर चाळीस वर्षांचा माणूस खेकसला तर ते पुढच्या वर्षी येत नाही. न्यू जर्सीतल्या डेप्टफर्ड लिटल लीगमध्ये शिव्या ऐकून अंपायर सोडून गेले. तेव्हा २०२३ मध्ये लीगने नियमच केला: अंपायरला बोल लावणाऱ्या प्रेक्षकाने आधी तीन सामन्यांत अंपायर म्हणून उभं राहायचं, मगच परत प्रेक्षक म्हणून यायचं. लिटल लीगमध्ये कोचची हकालपट्टी झाली तर पुढच्या सामन्यालाही त्याला येता येत नाही. भोगतात ती मुलं.

निषेध नोंदवायला उशीर

नियमाचीच चूक आहे आणि अंपायर ती मान्य करत नाही, तर मॅनेजरने लगेच, पुढचा प्ले सुरू व्हायच्या आत, “आम्ही हा सामना निषेधाखाली खेळतोय” असं अंपायरला सांगावं लागतं. मध्ये एक प्ले झाला की तो हक्क गेला. असिस्टंट कोच किंवा पालक हे करू शकत नाहीत. इनिंग, आउट, रनर कुठे होते आणि तुमच्या मते कोणता नियम मोडला, हे तिथेच स्कोअरबुकात लिहून घ्या. नियमाचा क्रमांक आठवत नसेल तर घटना क्रमाने लिहा. लीगच्या समितीला पुढे तेवढंच वाचायला मिळणार आहे.