लॅटिन अमेरिकेचा इतिहास वाचायचाय? मग तारखा नंतर, आधी जमीन आणि मजूर बघा

बरेच जण हा विषय कोलंबसपासून सुरू करतात, मग स्वातंत्र्ययुद्धाचा नेता बोलिव्हार, मग क्युबाच्या क्रांतीतला चे गेव्हारा, आणि मधली ३०० वर्षं तशीच राहतात. त्या ३०० वर्षांतच तर सगळं घडलंय, ती सोडली तर पुढच्या क्रांत्या का झाल्या ते कळतच नाही. मी पण आधी असंच वाचलं होतं, नावं पाठ झाली पण एकाचा दुसऱ्याशी संबंध लागेना. नंतर एक सवय लावून घेतली, कुठलाही देश, कुठलंही साल असो, आधी दोनच प्रश्न विचारायचे: जमीन कोणाकडे आहे आणि त्या जमिनीवर किंवा खाणीत राबतंय कोण. तेवढ्याने विषय सुटत गेला, म्हणून ती पद्धत इथे लिहितोय.

पहिल्यांदा नकाशा उघडा. १४९४ चा तोर्देसियासचा तह शोधा, त्यात स्पेन आणि पोर्तुगालने समुद्रावर उभी रेघ मारून जग वाटून घेतलं, आणि ज्यांची जमीन वाटली जात होती त्यांना कोणी विचारलं नाही. ब्राझील पोर्तुगीज बोलतो आणि शेजारी स्पॅनिश, त्याचं मूळ या रेघेत आहे (आजची हद्द मात्र रेघेच्या खूप पश्चिमेला गेलीय, पोर्तुगीज वसाहतवाले आत सरकत गेले म्हणून). मग चार ठिकाणं नकाशावर मार्क करा: मेक्सिको सिटी, लिमा, पोतोसी आणि ब्राझीलमधलं साल्वादोर. सुरुवातीला एवढी पुरतात.

उच्चारांचं आत्ताच बघून घ्या, नाहीतर एकच माणूस दोन वाटतो. स्पॅनिशमध्ये एच बोलत नाहीत, म्हणून हिदाल्गो नाही, इदाल्गो. आणि जे चा उच्चार ह सारखा होतो, म्हणून सान हुआन.

आता विजयाची गोष्ट. मूठभर स्पॅनिश सैनिकांनी अख्खं साम्राज्य जिंकलं असं कुठे वाचलं तर थांबा आणि विचारा, त्यांच्या बाजूने कोण होतं? १५२१ मध्ये अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान (आजची मेक्सिको सिटी) पडली तेव्हा स्पॅनिश सेनानी कोर्तेसबरोबर शेजारच्या त्लाश्काला राज्याचे हजारो योद्धे होते, त्यांचं अझ्टेकांशी जुनं वैर होतं, आणि त्याच्या आदल्या वर्षीच देवी रोगाच्या साथीने शहर पोखरलं होतं. पेरूतही तसंच, स्पॅनिश सेनानी पिसारो पोचला तेव्हा तिथल्या इंका साम्राज्याच्या राजघराण्यातले भाऊभाऊ गादीसाठी लढून नुकतेच थांबले होते.

इथून पुढे घाई करू नका. एन्कोमिएन्दा आणि मिता हे दोन शब्द नीट समजून घ्या, यावर एक अख्खा आठवडा गेला तरी चालेल. एन्कोमिएन्दा म्हणजे जमीन बक्षीस दिली असं बरेच जण समजतात, ते चूक आहे, त्यात जमीन नाही तर माणसं नेमून दिली जायची, म्हणजे अमुक गावांकडून खंडणी आणि काम घ्यायचा हक्क. मिता ही मूळ इंकांची वेठीची पद्धत, स्पॅनिशांनी ती उचलली आणि पोतोसीच्या चांदीच्या खाणीला जुंपली. पोतोसी आजच्या बोलिव्हियात, जवळपास ४००० मीटर उंचीवर, चांदी सापडली १५४५ मध्ये. ठरवून दिलेल्या प्रांतांतून दर सात पुरुषांमागे एक जण पाळीने तिथे पाठवायचा, आणि माणसं बायकापोरं घेऊन शेकडो किलोमीटर चालत जायची. ब्राझीलमध्ये खाणीआधी ऊस आला, आणि उसासाठी आफ्रिकेतून गुलाम, ४० लाखांहून जास्त माणसं, अमेरिका खंडात दुसऱ्या कुठल्याच देशात एवढी नेली नाहीत. हा आकडा वाचून पुढे जाऊ नका, थोडं थांबा.

जिंकलेल्यांची बाजू पण वाचाच. ग्वामान पोमा नावाच्या अँडीजमधल्या माणसाने १६१५ च्या सुमाराला स्पेनच्या राजाला जवळजवळ १२०० पानांचं पत्र लिहिलं, त्यात ३९८ चित्रं आहेत, मारझोड, खंडणी, पाद्र्यांची दादागिरी, सगळं काढलंय. मूळ प्रत कोपनहेगनच्या ग्रंथालयात आहे आणि ऑनलाइन बघता येते, स्पॅनिश येत नसलं तरी चित्रं कळतात.

मग थेट १८०८ वर या, पण वाटेत १७८० चं तुपाक अमारू (दुसरा) याचं बंड सोडू नका. मिता आणि जबरदस्तीची वसुली याविरुद्ध पेरूतल्या कुस्को या जुन्या इंका राजधानीच्या बाजूला अख्खा डोंगराळ मुलूख उठला, १७८१ मध्ये त्याला आणि त्याची बायको मिकाएला बास्तिदास हिला कुस्कोच्या चौकात मारलं. याची धास्ती तिथल्या गोऱ्या जमीनदारांना पण बसली, म्हणजे क्रिओयोंना (स्पॅनिश वंशाचे पण अमेरिकेत जन्मलेले). त्यांना स्पेनहून आलेले अधिकारी नको होते, पण खालून उठाव पण नको होता. हे लक्षात ठेवलं की पुढचं अर्धं कोडं सुटतं.

१८०८ मध्ये नेपोलियनने स्पेनच्या राजाला अडकवून ठेवलं आणि पोर्तुगालचा दरबार जहाजात बसून ब्राझीलला आला. या दोन घटना शेजारी शेजारी लिहा. स्पॅनिश वसाहतींत प्रश्न पडला की राजाच नाही तर हुकूम कोणाचा, त्यातून जागोजागी जुंता म्हणजे स्थानिक कारभारी मंडळं निघाली आणि लढाया पेटल्या, शेवटी बरेच देश झाले. ब्राझीलमध्ये राजघराणंच येऊन बसलं, १८२२ मध्ये राजपुत्र पेद्रोनेच स्वातंत्र्य जाहीर केलं, देश एकसंध राहिला पण गुलामगिरी १८८८ पर्यंत चालली.

स्वातंत्र्य मिळालं म्हणजे क्रांती झाली असं धरू नका, सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. मेक्सिको घ्या. १८१० मध्ये पाद्री इदाल्गोने गरीब मूळ रहिवासी (इंडियन) आणि मेस्तिसो (स्पॅनिश आणि मूळ रहिवासी यांच्या मिश्र वंशाच्या) लोकांना उठवलं, पुढच्याच वर्षी त्याला गोळ्या घातल्या, पण १८२१ मध्ये स्वातंत्र्य पक्कं केलं इतुर्बिदेने, जो आधी याच बंडखोरांविरुद्ध लढत होता! कारण तेव्हा स्पेनमध्ये उदारमतवादी सत्तेत आले होते आणि इथल्या वरच्या वर्गाला आपले हक्क जातील असं वाटलं. बोलिव्हारला हैतीचा राष्ट्राध्यक्ष पेत्यों याने १८१६ मध्ये बंदुका आणि जहाजं दिली ती गुलाम मुक्त करायच्या अटीवर, तरी व्हेनेझुएलात गुलामगिरी कायद्याने संपली १८५४ ला, बोलिव्हार जाऊन २४ वर्षं झाल्यावर.

आता १९१० ची मेक्सिकन क्रांती वाचा, आणि ती वाचताना मोरेलोस राज्यातल्या आनेनेकुइल्को गावापासून सुरू करा. उसाचे मोठे मळेवाले गावाची जमीन गिळत चालले होते, गावाकडे वसाहतकाळापासूनची जमिनीची कागदपत्रं जपून ठेवलेली होती, आणि १९०९ मध्ये ती सांभाळायची जबाबदारी गावाने एमिलियानो झापाटावर टाकली, जो पुढे क्रांतीतला शेतकऱ्यांचा नेता झाला. त्याच्या १९११ च्या आयाला जाहीरनाम्यात हीच मागणी आहे, बळकावलेली जमीन गावांना परत द्या. १९१७ च्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमात जमीन वाटपाचा पाया घातला गेला, १९१९ मध्ये झापाटाला मात्र दगा देऊन मारलं.

हे झालं की क्युबा (१८९८ ला स्पेन गेला, अमेरिका आली, मग १९५९ ची क्रांती) तुम्हाला स्वतःच वाचता येईल, तेच दोन प्रश्न आणि परत ऊसच. शेवटी तुलनेसाठी आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहती घ्या. अंगोलात १९६१ ला युद्ध सुरू झालं, मग गिनी-बिसाऊ, मग मोझांबिक, आणि ती न संपणारी युद्धं लढून थकलेल्या पोर्तुगीज लष्करी अधिकाऱ्यांनीच २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमधली हुकूमशाही पाडली. वहीच्या एका पानावर हे आणि १८०८ समोरासमोर लिहा: १८०८ ला राजधानी कोसळली म्हणून वसाहती सुटल्या, १९७४ ला वसाहती लढल्या म्हणून राजधानी बदलली.