रस्त्यावरच्या पायघड्या शिकायच्या असतील तर

विसर्जनाला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर किंवा गुढीपाडव्याला डोंबिवलीच्या फडके रोडवर रांगोळीच्या पायघड्या घालणाऱ्या गटात नवीन आलेली मुलं हमखास विचारतात, नक्षी कुठे शिकायची? नक्षी येते हो. आधी रस्ता बघा.

डांबराची खडी वर आली असेल तर पिठासारखी बारीक रांगोळी खाचांत जाऊन बसते आणि रेघ फिकी पडते. रवाळ घ्यायची. रस्ता आदल्या रात्रीच धुऊन ठेवायचा, कारण ओल्यावर टाकलेला रंग गिळगिळीत दिसतो.

संस्कार भारती या कलासंस्थेच्या पद्धतीत चाळणीने रंगाचा थर आधी, पांढरी रेघ त्यावर. चिमटीची सवय उंबऱ्यापुरती ठीक. इथे पाचही बोटांमधून एकदम रांगोळी सोडायची, म्हणजे जाड, सलग रेघ उतरते. गोपद्म, शंख, सर्परेषा, स्वस्तिक एवढं हातात बसलं की कागद न बघता जागेवर जुळवता येतं. कंबर मात्र बोलते.

मोठे भाग भरायला वखारीतला लाकडाचा भुसा स्वस्त पडतो. चाळून, रंगाच्या पाण्यात भिजवून सावलीत पसरायचा. खडखडीत वाळू द्यायचा नाही, जरा दमट असला की वाऱ्याने उडत नाही. ग्वाटेमालातल्या अँटिग्वात ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहाच्या मिरवणुकांसाठी रस्त्यांवर रंगीत भुशाचे गालिचे घालतात, तेही वरून पाणी शिंपडतच असतात. रंगवलेलं मीठ चमकतं छान, पण मुंबई-कोकणात त्याच्या नादी लागू नका. दमट हवेत पाझरतं आणि रंग एकमेकांत उतरतात. पाकळ्या अगदी शेवटी. झेंडू तग धरतो, गुलाब लगेच काळवंडतो.

पैशांचं म्हणाल तर मिरवणुकीचं काम बहुतेक वेळा सेवा म्हणूनच होतं. कमाई लग्नांत, उद्घाटनांत. दर चौरस फुटावर ठरवा, सामानाचे पैसे आगाऊ घ्या. पुढचं काम फोटोवर मिळतं आणि ढोलपथक वरून गेलं की फोटो काढण्यासारखं काही उरत नाही. म्हणून समोरच्या इमारतीतली पहिल्या मजल्याची गॅलरी आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

मिरवणूक पुढे सरकली की भुसा झाडून पोत्यात भरायचा. गटारात गेला तर पुढच्या वर्षी परवानगी मागायला तुम्हालाच जायचंय.