व्हॅनचे फ्लोअरिंग आणि पलंग स्वतः बनवताना या चुका टाळा

गाडीत कुबट वास येऊ लागला तेव्हा माझा पहिला संशय गादीवर गेला. गादी दोन दिवस गच्चीवर उन्हात टाकली, उशांचे अभ्रे धुतले, तरी वास हटेना. शेवटी मागच्या उजव्या चाकाच्या कमानीजवळचे प्लायवूड पटाशीने उचकटले. प्लायची खालची बाजू काळी पडली होती, तिचे थर एकमेकांपासून सुटले होते आणि पत्र्याच्या खाचेत पेरभर पाणी साचून त्याच्या कडेने गंजाचे पापुद्रे उठले होते. वरचे व्हिनाईलचे प्लॅस्टिक आच्छादन मात्र कालच घातल्यासारखे दिसत होते. एका पावसाळ्यात, गगनबावडा आणि राधानगरीच्या चार-पाच फेऱ्यांत, हे झाले.

मारुती ईको या व्हॅनची मधली बाकडी काढून तिची राहण्याजोगी गाडी करण्याचे काम मी कोल्हापुरात घरासमोरच्या अंगणात केले. त्यातून एक गोष्ट पक्की ध्यानात आली. पाणी आत येऊच नये म्हणून आपण जेवढे कष्ट घेतो, तेवढेच कष्ट आत आलेले पाणी बाहेर पडावे आणि झाकलेला भाग पुन्हा उघडता यावा यासाठी घ्यावे लागतात. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका या एकाच गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने होतात.

पत्रा न तपासता प्लाय टाकणे

जुन्या गाडीचे रबरी मॅटिंग काढल्यावर पत्रा वरवर ठीक दिसतो, परंतु गंज खाचांच्या तळाशी, बाकड्यांच्या बोल्टभोवती आणि सरकत्या दाराच्या उंबऱ्यापाशी लपलेला असतो. तिथे तारेचा ब्रश मारून सुटा गंज पूर्ण काढावा, पत्रा थिनरने पुसून कोरडा करावा आणि मग झिंक फॉस्फेट किंवा इपॉक्सी प्रायमरचे (गंजरोधक अस्तराचे) दोन हात द्यावेत. गंजावरच रंग मारला तर रंगाच्या आड गंज वाढतच राहतो. हे काम एप्रिल-मेमध्ये करावे, कारण जूननंतर आपल्याकडे पत्रा खऱ्या अर्थाने कोरडा मिळत नाही.

तळाच्या पत्र्याला कंपनीने काही ठिकाणी पाणी निचऱ्याची भोके ठेवलेली असतात आणि त्यांवर रबरी बुचे असतात. ती सिलिकॉनने कायमची बंद करणे ही फार मोठी चूक आहे. त्यांची जागा कागदावर आखून ठेवावी, प्लाय कापताना त्यावर हाताने उघडेल असे झाकण ठेवावे आणि पावसाळ्यात अधूनमधून बूच काढून पाहावे. माझ्या गाडीतले पाणी ज्या खाचेत साचले होते, तिच्या टोकाशीच असे एक बूच होते आणि ते मी स्वतः प्लायखाली गाडून टाकले होते.

थंड देशातला उपाय इथे जसाच्या तसा वापरणे

परदेशी व्हिडिओ पाहून अनेक जण तळाला दोन इंच जाडीचा फोम घालतात. बर्फात झोपणाऱ्यांना त्याची गरज असते. कोल्हापुरात जानेवारीतही रात्रीचे तापमान सरासरी १४-१५ अंशांच्या आसपास असते, आणि गाडी तापते ती मुख्यतः छपरामुळे. जाड फोमचा खर्च छपराला करावा. तळाला सहा ते दहा मिलिमीटरचा बंद छिद्रांचा, पाणी न शोषणारा फोम आवाज कमी करण्यापुरता पुरेसा आहे. ईकोसारख्या गाडीत डोक्यावरची उंची आधीच कमी असते आणि तळात घातलेला प्रत्येक सेंटिमीटर पुढे पलंगावर बसताना मानेला जाणवतो.

आपला खरा प्रश्न दमटपणाचा आहे. हवेचे तापमान २५ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २३ अंशांवर असतो. म्हणजे पत्रा हवेपेक्षा दोन अंशांनी थंड झाला की त्यावर दव धरू लागते. गगनबावड्याच्या धुक्यात रात्रभर उभ्या केलेल्या गाडीत, काचा बंद करून दोन माणसे झोपली की हे होणारच. त्यामुळे केवळ गळती शोधत बसू नये. दोन विरुद्ध बाजूंच्या काचा बोटभर उघड्या राहतील असे पाऊसरोधक वायझर (काचेच्या वर लावायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या) आधी बसवून घ्यावेत.

थर्माकोलबद्दल एक इशारा द्यावासा वाटतो. तो स्वस्त मिळतो, पण हादऱ्यांनी त्याचे दाणे सुटतात, तो किरकिर आवाज करतो आणि सॉल्व्हंट असलेला चिकट द्रव लावला तर डोळ्यांदेखत विरघळून जातो.

प्लाय निवडताना आणि ठोकताना

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड हे लाकडाचा भुसा दाबून केलेले बोर्ड तळाला कधीही वापरू नये, कारण एकदा पाणी प्यायलेला बोर्ड फुगतो आणि पुन्हा मूळ आकारात येत नाही. मरीन प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असतो आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) प्लायवर आयएस ३०३. शिक्का पाहूनच माल उचलावा. बारा मिलिमीटरचा आठ बाय चारचा एक ताव साधारण २३ किलोचा आणि अठरा मिलिमीटरचा साधारण ३५ किलोचा भरतो. तळाला बारा मिलिमीटर पुरतो. मात्र सर्वांत चांगला प्लायही कापलेल्या कडेतून पाणी शोषतो, हे लोक विसरतात. वरखाली वॉर्निश मारून कडा कोऱ्या सोडणे म्हणजे छत्री उघडून पायात चप्पल न घालता चिखलात उभे राहण्यासारखे आहे. प्रत्येक कडेला आणि प्रत्येक भोकाच्या आतल्या बाजूला पीयू (पॉलियुरेथेन) किंवा इपॉक्सी लेपाचे तीन हात द्यावेत.

मी पहिल्या वेळी प्लाय पत्र्याला चिकटवला आणि वर चाळीसेक स्क्रूही मारले. आता तीन तुकडे केले आहेत. त्यांच्या कडा एकमेकींवर बसतात आणि सगळा तळ आठ बोल्टांनी धरलेला आहे. स्पॅनर घेतला की वीस मिनिटांत पत्रा उघडा होतो.

ड्रिल लावण्याआधी गाडीखाली झोपून पाहणे हा नियम कधीही मोडू नये. तळाच्या पत्र्याखालून इंधनाची टाकी, इंधनाची नळी, ब्रेकचे पाइप आणि तारांची जुडी जाते. वरून सरळ दिसणाऱ्या जागी खाली नेमका ब्रेकचा पाइप असू शकतो. खालून खडूने निषिद्ध जागा आखाव्यात, वरून त्यांची मापे घ्यावीत आणि ड्रिलच्या बिटाला टेप गुंडाळून खोली मर्यादित ठेवावी. गाडी सीएनजीची असेल तर सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि नळ्या यांना अजिबात हात लावू नये आणि त्यांची तपासणी करणाऱ्याला तिथे पोहोचता येईल अशी जागा मोकळी ठेवावी.

ईको आणि जुनी ओम्नी या गाड्यांचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. नवा तळ किंवा पलंगाचे टोक सीटला अगदी चिकटवून घेतले तर सीट मागे उलटत नाही आणि घाटात गाडी तापली तर पलंग सोडवल्याशिवाय इंजिन दिसत नाही. म्हणून मापे घेताना सीट प्रत्यक्ष उलटवून पाहावी. सरकत्या दाराचेही तसेच आहे. प्लायची कड उंबऱ्याच्या रबराला टेकली तर दार पूर्ण बसत नाही आणि पावसाचे पाणी तिथूनच आत येते.

व्हिनाईलबद्दल थोडक्यात सांगायचे तर चारही बाजूंना पाच मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी, स्क्रूची डोकी प्लायमध्ये बुडवून पुट्टी भरावी आणि रंग फार फिका घेऊ नये. पन्हाळ्याकडची किंवा मसाई पठारावरची तांबडी माती फिक्या व्हिनाईलच्या खरबरीत पृष्ठभागात बसली की निघत नाही.

पलंगाची उंची गादीशिवाय ठरवणे

मांडी घालून बसलेल्या प्रौढ माणसाला बैठकीपासून डोक्यापर्यंत साधारण ८५ ते ९० सेंटिमीटर लागतात. लोक पलंगाखाली जास्त सामान बसावे म्हणून फ्रेम उंच करतात, वर चार इंची गादी टाकतात आणि मग पाऊस पडत असताना आत मान वाकवून चहा पितात. फ्रेम बनवण्यापूर्वी विटांवर फळ्या टाकून, खरी गादी अंथरून एक रात्र गाडीत झोपून पाहावे. खांदा कुठे आपटतो, पाय कुठे टेकतात आणि रात्री उठून बाहेर पडताना कशाला अडखळायला होते, हे टेपने मोजून कळत नाही.

फ्रेमसाठी २५ बाय २५ मिलिमीटरचा सोळा गेजचा (सुमारे दीड मिलिमीटर जाड पत्र्याचा) चौकोनी पाइप उत्तम. तो मीटरला साधारण सव्वा किलो भरतो, त्यामुळे पूर्ण फ्रेम वीस-बावीस किलोत बसते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशी फ्रेम वेल्डिंग करून सहज मिळते. मात्र फ्रेम थेट गाडीच्या पत्र्याला वेल्ड करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो नाकारावा. पातळ पत्रा जळतो, मागच्या बाजूचा रंग करपून तिथे गंज धरतो, गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला धक्का बसू शकतो आणि इंधनाची टाकी हाताच्या अंतरावर असते. फ्रेम बाहेर बनवावी, रंगवावी आणि आत बोल्टने बसवावी.

बोल्ट कुठे मारायचे याचे उत्तर गाडीतच आहे. काढलेल्या बाकड्यांची मूळ भोके माणसांचे वजन पेलण्यासाठी मजबूत केलेली असतात, म्हणून पलंगाचे पाय शक्यतो तिथेच आणावेत. मूळ बोल्ट नमुना म्हणून दुकानात न्यावा, कारण दहा मिलिमीटरचा बोल्ट १.२५ आणि १.५ मिलिमीटर अशा दोन पिचमध्ये (आट्यांमधल्या अंतरात) मिळतो आणि चुकीचा बोल्ट जोराने फिरवला तर आटे जातात. नुसत्या पत्र्याला सेल्फ टॅपिंग स्क्रूने धरलेली फ्रेम अचानक ब्रेक लागल्यावर सुटून पुढच्या माणसाच्या पाठीत येऊ शकते. जिथे नवे भोक पाडावेच लागते तिथे खाली रुंद पट्टी, वर मोठा वॉशर आणि हादऱ्यांनी सहसा ढिला न होणारा नायलॉक नट वापरावा आणि भोकाच्या कडेला आधी प्रायमर लावावा.

गादीखाली सलग प्लाय टाकू नये. अंगाची वाफ गादीतून खाली उतरते आणि प्लायवर अडते. थोड्याच दिवसांत तिथे बुरशीचे ठिपके उठू शकतात. सात सेंटिमीटर रुंदीच्या लाकडी पट्ट्या पाच सेंटिमीटर अंतराने लावाव्यात आणि त्यांना चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरवर आधार द्यावा. सरकता पलंग करायचा असेल तर एकमेकींत जाणाऱ्या पट्ट्यांमध्ये तीन-चार मिलिमीटरची फट हवी. मे महिन्यात सुळकन सरकणाऱ्या पट्ट्या जुलैत घरातल्या खिडक्यांप्रमाणेच फुगून अडकतात.

लक्षणावरून दोष ओळखणे

चालताना तळ एका जागी दबत असेल तर तिथे पत्र्याच्या दोन उंचवट्यांमध्ये प्लायला आधार नाही. तुकडा काढून खाली फोमची किंवा लाकडाची पट्टी भरावी. अनुस्कुरा घाटात गाडी वळली की कुरकुर येत असेल तर लाकूड लोखंडावर घासत आहे. मध्ये फेल्ट किंवा जुन्या ट्यूबची पट्टी घालावी. खडखड येत असेल तर बहुधा नट ढिला आहे, आणि पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळलेच पाहिजेत. कुबट वास येत असेल तर अत्तर न शोधता आधी तळ उघडावा.

बाकडी कायमची काढण्यापूर्वी एक काम राहते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही आणि आसनसंख्या हा त्यातलाच तपशील आहे. आरटीओत आधी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

माझ्या गाडीचा तळ आता वर्षातून दोनदा उघडतो. एकदा मेअखेरीस, आणि एकदा खंडेनवमीला, कारण त्या दिवशी गाडी धुवायची असतेच. आठ बोल्ट काढतो, तिन्ही तुकडे भिंतीला उन्हात टेकवतो, खाचांतून कोरडे फडके फिरवतो आणि उजव्या चाकामागचे ते बूच काढून बोटाने चाचपतो. गेल्या खंडेनवमीला बोट कोरडे निघाले.