व्हॅक्यूम मोटरचा आवाज कोंडा, हवा कोंडू नका

ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या गाळ्यात करवतीशेजारी 1200 वॅटची व्हॅक्यूम मोटर लावली की दोन त्रास सुरू होतात. कानात घुसणारी शिट्टी, आणि मागच्या झोतानं पुन्हा उडणारा भुसा. दोन्ही एकाच पेटीत आवरतात. मात्र हवेची वाट अरुंद झाली तर मोटर जळते.

आधी मोटर ओळखा. साध्या मोटरीत ओढलेली हवाच वाइंडिंग (आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी) थंड करत बाहेर पडते. बायपास मोटरीला बाजूला शिंगासारखं तोंड असतं आणि डोक्यावर थंडाव्याचा वेगळा पंखा. त्या पंख्याला हवा पेटीबाहेरूनच द्या. आतली गरम हवा तो पुन्हा पुन्हा ओढत राहिला तर वाइंडिंग करपतं.

शिट्टी इंपेलरची, म्हणजे हवा ओढणाऱ्या पात्यांच्या चाकाची असते. मिनिटाला 24,000 फेरे आणि 9 पाती, म्हणजे 3600 हर्ट्झ. लहरीची लांबी जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर. हे आपल्या पथ्यावरच पडतं: असा आवाज 50 मिलिमीटर रॉकवूलमध्ये (दगडापासून केलेल्या तंतूंच्या गादीत) छान मुरतो, आणि अस्तर लावलेली वळणं त्याला सहज पार करता येत नाहीत. हवेला येतात.

पेटी 18 मिलिमीटर बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या प्लायची करा. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड, आपल्या पावसाळ्यात फुगतो. आत 48 डेन्सिटीचं (घनमीटरला 48 किलो) रॉकवूल, त्यावर काचेचं कापड, वर छिद्रांचा पत्रा. कापड वगळलंत तर तंतू हवेबरोबर बाहेर येतील. गादीचा फोम नकोच, कार्बन ब्रशच्या ठिणग्या पडतात. रॉकवूल कापताना मास्क आणि हातमोजे घाला.

बाहेर जाणारा बोगदा अस्तर लावल्यावर 100 × 100 मिलिमीटर मोकळा उरला पाहिजे. त्याला काटकोनी तीन वळणं द्या. सेकंदाला 40 लिटर हवा 35 मिलिमीटरच्या पाइपातून सेकंदाला सुमारे 42 मीटर वेगानं धावते, तीच इथे 4 मीटरवर येते. हवा तेवढीच, झोत गेला. शेवटचं तोंड वरच्या बाजूला काढा, जमिनीकडे नाही.

मोटर दोन्ही टोकांना रबर रिंगमध्ये बसवा. एकही स्क्रू मोटरीतून थेट प्लायमध्ये गेला तर अख्खी पेटी घुमते. दाराला रबर पट्टी, वायरच्या भोकात सिलिकॉन. पृष्ठभागाच्या 1 टक्का जरी फट राहिली, तरी भिंत कितीही जाड असो, आवाज 20 डेसिबलपेक्षा जास्त घटत नाही.

मोटरीनं घेतलेली वीज शेवटी उष्णताच होते, म्हणून सुटणारी हवा खोलीपेक्षा साधारण 25 अंशांनी गरम असते. मे महिन्यात ती 60 च्या पुढे जाते. फिल्टर तुंबला की आणखी. मोटरीच्या हवा सुटणाऱ्या भोकांजवळ थर्मल कटआउट (जास्त तापलं की वीज तोडणारा स्विच) मोटरीच्या वायरीत सिरीजमध्ये जोडा, थंड झाल्यावर बटण दाबूनच परत चालू होणारा. आपोआप चालू होणारा घेतलात, तर दुरुस्तीच्या वेळी हात आत असताना मोटर फिरू शकते. काम करताना प्लग काढूनच ठेवा.

शेवटी पारदर्शक नळीचा यू करून त्यात पाणी भरा आणि एक टोक पेटीत सोडा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात 15 मिलिमीटरहून जास्त फरक दिसला, तर बोगदा अरुंद आहे. अस्तर पातळ करू नका, बोगदाच रुंद करा. शिट्टी गेली तरी घरघर उरली, तर बेअरिंग बदला.